मागच्या सीटला नाव लागत नाही

१

शिल्पाश्रीला नवी स्कूटर घेता येत नव्हती म्हणून तिने जुनी घेतली. त्यात परवडण्याचा भाग होता, तसा रीतीचाही होता. आईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. वर्ष सरेपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही, सण करायचा नाही, दाराला तोरण लावायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या या मराठी घराण्याने निम्मीअर्धी भाषा कन्नडच्या पदरात टाकली होती, पण असली कलमं मात्र एकजात तोंडपाठ ठेवली होती.

"जुनी घेतली तर चालेल," अण्णांनी निकाल दिला. अण्णा म्हणजे तिचे वडील, गुंडूराव. पोस्टातून निवृत्त झालेले, घरात पायमोजे घालून फिरणारे. "दुसऱ्याची वापरलेली वस्तू आपल्याकडे आली, तर ती नवी कशी? सरी ना, बरोबर ना?"

शिल्पा चौतिशीची. राहायची बनशंकरीला, ऑफिस हेब्बाळला. म्हणजे बंगळूर या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज दोनदा पालथं घालायचं. स्कूटर का हवी, असं कोणी विचारलं की ती बसची गर्दी सांगायची, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. आई, सरस्वतीबाई, असताना नेहमी म्हणायची, "तू एक स्कूटर घे गं. मी मागे बसते. कुठे जायचंय असं नाही, नुसतं बसून यायचंय." शिल्पा हसायची. तिला रहदारीची भीती वाटायची. आता आई नव्हती, आणि स्कूटर शिकायची अशी काही ओढ लागली होती की तिचं तिलाच नवल वाटत होतं.

फोनवर जाहिराती बघता बघता के. आर. पुरमची एक स्कूटर सापडली. बापलेक रविवारी मेट्रोने तिथे गेले. मालकाचं नाव रविकुमार. चाळिशीचा, कारखान्यात नोकरीला, कमी बोलणारा. त्याने कंपाउंडमधल्या गाडीवरचं ताडपत्रीचं कव्हर काढलं. गाडी लख्ख होती. किंमत मात्र इतकी कमी की अण्णांना शंका आली.

"ॲक्सिडेंट झालेली नव्हे ना?"

"इल्ला सार, तसलं काही नाही. एक ओरखडा दाखवा."

"मग विकता का?"

"आता लागत नाही," रविकुमार म्हणाला. बोलताना तो गाडीकडे बघत होता.

शिल्पाने मागच्या सीटवर हात ठेवला. रेक्झिन कोमट लागलं. कव्हराखाली असतं तसं, असं तिला वाटलं. गाडी सावलीत उभी होती हे नंतर तिच्या ध्यानात आलं, आणि मग ते ती विसरली. इथे गाडी घेतली की आधी देवळात न्यायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून गाडी पुढे काढायची. रविकुमारने विचारलं, पूजा कुठल्या देवळात करणार?

"पूजा आत्ता नाही," अण्णा म्हणाले. "घरात वर्ष चालू आहे. हिची आई गेली."

रविकुमारच्या हातात किल्ली होती, ती हातातच राहिली. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आतून त्याच्या बायकोने हाक मारली, तसं त्याने तोंड मिटलं आणि किल्ली शिल्पाच्या हातात दिली.

तिला एवढ्या लांबून चालवत आणणं शक्य नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी त्यानेच गाडी बनशंकरीला आणून सोडली. घरात यायला, कॉफी प्यायला काही केल्या तयार होईना. गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो वळला आणि मुलीला सासरी सोडून निघालेला बाप बघेल तसा गाडीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. अण्णांना त्याचं कौतुक वाटलं. माणूस वस्तूला जपणारा आहे, ते म्हणाले.

२

विम्याचं किरणकुमारने बघितलं. किरणकुमार म्हणजे यांच्यातलाच, लांबच्या नात्यातला. झेरॉक्सचं दुकान आणि बेकरी यांच्या मधल्या फटीत त्याचं ऑफिस होतं. तिथे बसून तो अख्ख्या आळीला मरणाची भीती घालायचा, आणि लग्नामुंजीत पहिल्या पंगतीला मानाने जेवायचाही.

गाडीचा जुना विमा संपून बरेच महिने झाले होते. त्यामुळे कंपनीला गाडीची तपासणी हवी होती. किरणकुमार घरी आला, चारी बाजूंनी फोटो काढले, चासीचा नंबर कागदावर पेन्सिलीने घासून उतरवून घेतला. मग लांब जाऊन एक डोळा बारीक करून उभा राहिला.

"अक्का, मागे हवा कमी आहे काय? स्वल्प बसल्यासारखी दिसते."

त्याने टायर दाबून पाहिलं. हवा टम्म होती.

"मग शॉकअब्सॉर्बर दमलेत. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं असायचंच." डाव्या बाजूचं फूटरेस्ट उघडं होतं, मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचं. ते त्याने बुटाने आत ढकललं. टक्. "फोटोत नीट दिसायला पाहिजे."

मग ओसरीच्या कठड्यावर बसून तो फोनमध्ये माहिती भरायला लागला. थर्ड पार्टी तर कायद्यानेच लागतं. चालवणाऱ्याच्या विम्याला नॉमिनी अण्णा. "आणि मागे बसणाऱ्याचं घ्यायचं काय? ते वेगळं असतं."

"कशाला?" अण्णा आतून म्हणाले. "मागे कोण बसणार आहे? माझे गुडघे हे असले."

"घे," शिल्पा म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की दोघांनीही तिच्याकडे बघितलं. मग तिने विचारलं, "त्याला नाव कुणाचं द्यायचं?"

"मागच्या सीटला नाव लागत नाही, अक्का," किरणकुमार फोनवरची मान वर न करता म्हणाला. "कोणीही बसो. जो बसेल त्याचा विमा."

हे वाक्य त्याने हजार वेळा म्हटलं असेल. शिल्पाला मात्र ते ऐकून उगाचच बरं वाटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं तेव्हा आपण रडतोय हे तिला कळलं. बाहेर किरणकुमार फाटकाकडे निघाला होता. जाता जाता त्याने पुन्हा वाकून फूटरेस्ट आत ढकललं. "स्प्रिंग सैल आहे, बघून घ्या," तो अण्णांना म्हणाला.

३

शिकायला ती सकाळी देवळामागच्या सरळ रस्त्यावर जायची. अण्णा पायमोज्यांवर चपला घालून कडेला उभे राहायचे आणि ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडायचे. गाडी तिला फार जड वाटायची. सुटताना ओढायची, वळताना एका अंगाला कलायची, ब्रेक लावल्यावर थांबायला वेळ घ्यायची. उंचवट्यावरून जाताना पुढचं चाक हलकेच उतरायचं आणि मागचं धप्पकन. तिने आयुष्यात दुसरी स्कूटर चालवलीच नव्हती. स्कूटर नावाची गोष्ट अशीच असते, असं तिने मनाशी धरलं आणि दातओठ खाऊन त्या जडपणाशी जुळवून घेतलं.

पहिल्याच दिवशी सुटताना तिच्या तोंडून निघून गेलं, "बसलीस?"

तिच्या लहानपणी अण्णांकडे स्कूटर होती तेव्हा ते असंच विचारायचे. शिल्पा पुढे हँडलला धरून उभी असायची, आई मागे. आईने "हं" म्हटल्याशिवाय अण्णा क्लच सोडायचे नाहीत. म्हणून ते सवयीने आलं, आणि म्हटल्यावर तिला लाजल्यासारखं झालं. पण त्या क्षणी गाडी किंचित खाली गेली. आपणच नीट टेकून बसलो असू, असं तिने समजून घेतलं.

फूटरेस्ट मेकॅनिककडून घट्ट करून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडं होतं. डावीकडचं तेवढं. उजवं कधीच नाही.

महिनाभरात ती ऑफिसला गाडी नेऊ लागली. हेब्बाळच्या त्या ऑफिसात संहिता म्हणून पुण्याची एक मुलगी होती. तिचं मराठी शिल्पाला वर्तमानपत्रासारखं वाटायचं आणि शिल्पाचं तिला आजीच्या गोष्टीतलं. एकदा पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी अडली, तेव्हा संहिताने वरून किल्ली टाकली. "शिल्पा, प्लीज, माझी स्कूटी जरा पुढे घेतेस? मी कॉलवर आहे."

शिल्पा बसली. रोज जेवढी मूठ पिळायची तेवढी पिळली. गाडी खालून निसटून गेली. समोरच्या कुंडीवर आपटली, शिल्पा कोपरावर पडली, आणि कुंडीतली तुळस मातीसकट तिच्या मांडीवर आली.

संहिता धावत खाली आली. "अगं, लागलं का? किती रेस दिलीस! डबलसीट असल्यासारखी!"

"म्हणजे?"

"म्हणजे मागे कोणी बसलं असेल तर एवढी लागते गं. एकटीला कशाला?"

शिल्पाने कोपराची माती झटकली. पलीकडच्या रांगेत तिची स्वतःची गाडी उभी होती, मागून जराशी बसलेली.

४

त्या संध्याकाळी ती गाडीपाशी किती तरी वेळ उभी राहिली. विचार करायला ती काही कच्ची नव्हती. गाडी जुनी, म्हणून जड. स्प्रिंग सैल, म्हणून फूटरेस्ट उघडं. शॉकअब्सॉर्बर दमलेले, म्हणून मागून बसलेली. एकेका गोष्टीला एकेक कारण होतं, आणि तिन्ही कारणं चोख होती. तिला त्यातलं एकही नको होतं. हे मात्र तिला त्या वेळी स्वच्छ कळलं.

तिने किल्ली फिरवली. आजूबाजूला लोक होते, गार्ड शिटी वाजवत होता. तिने हेल्मेटच्या आत, अगदी हळू विचारलं, "बसलीस?"

फूटरेस्ट बंद होतं. तिने स्वतः बंद केलं होतं. ते उघडलं, टक्. मग गाडी खाली गेली, एखाद्या बाईने साडी सावरत आधी टेकावं आणि मग नीट सरकून बसावं तशी, दोन टप्प्यांत. आणि तिच्या उजव्या खांद्यावर हात आला.

शिल्पा भ्यायली नाही. भ्यायला हवं होतं, पण इतक्या दिवसांची भूक असली की माणूस पानात काय वाढलंय ते बघत नाही. तिचा ऊर भरून आला. रिंगरोडच्या त्या तुंबलेल्या गर्दीत, धुरात आणि हॉर्नच्या गदारोळात ती हेल्मेटच्या काचेमागे मोकळेपणी रडली आणि हसली. आरशात मात्र तिने बघितलं नाही. आरसे तिने आधीच बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडे वळवले होते, ते तसेच ठेवले.

मग रोजचं सुरू झालं. ती आईला फिरवू लागली. हेब्बाळच्या तळ्यावर पक्षी बघायला नेलं. फुलबाजारातून नेलं, कारण आईला अबोली आवडायची. नवे पूल दाखवले, पाडलेली घरं दाखवली. आणि ती बोलायची. अण्णा घरात मुके झाले होते, ऑफिसात सगळं हिंदी नाही तर इंग्रजी, भाजीवाल्याशी कन्नड. घरातलं मराठी बोलायला तिला माणूसच उरलं नव्हतं. आता मागे माणूस होतं. ती जुन्या आठवणी काढायची. "आठवतं, चकलीचा सोऱ्या तुटला आणि तू पोळपाट आपटलास?" "आठवतं, माझी वेणी घालताना तू मधेच झोपायचीस?" मागून उत्तर यायचं नाही. खांद्यावरचा हात जरा जड व्हायचा, ऐकतेय असं सांगणारा. एकेक आठवण सांगून झाली की तिला फार हलकं वाटायचं.

घरी आल्यावर ती गुणगुणायची. अण्णा म्हणायचे, गाडी मानवली बघ तुला.

५

एक दिवस जेवताना अण्णा आपणहून बोलले. सगुणाबाई येऊन गेल्या होत्या, वरच्या मजल्यावरच्या. त्यांनी सरस्वतीच्या चकल्यांची आठवण काढली, म्हणाल्या, सोऱ्या तुटला होता तेव्हा कसली चिडली होती बिचारी.

"कुठला सोऱ्या?" शिल्पाने विचारलं.

"तूच तर सांगत असतेस ती गोष्ट. पोळपाट आपटला तो."

शिल्पाला काही आठवेना. गोष्ट गमतीची वाटली, कुणा शेजारणीची असावी तशी. ती म्हणाली, "मला आईचं ते आठवतं. तुमच्या स्कूटरवर मागे बसली की ती खांद्यावर हात ठेवायची ना, उजव्या. थोडा जड हात."

अण्णांनी ताटातला हात थांबवला. "खांद्यावर? छे. चार लोकांत ती मला हात लावत नसे. स्टेपनीला धरून बसायची. आणि तिचा हात कुठला जड? कापसाचा हात होता तिचा." मग ते तिच्याकडे बघत म्हणाले, "तू तर पुढे उभी असायचीस. मागचं तुला कसं दिसणार?"

शिल्पा हट्टाने म्हणाली, हात जडच होता. मला माहीत आहे.

अण्णा वाद घालणाऱ्यातले नव्हते. त्यांनी भात कालवला. थोड्या वेळाने, जुनं काही आठवून बरं वाटावं तसे, स्वतःशीच हसले. "पुढे उभी असायचीस आणि झोप लागली की डोकं आपटायचं हँडलवर. मग मागून ती ओरडायची, पुट्टी, जागी राहा गं, पुट्टी."

"पुट्टी कोण?"

अण्णांना वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्यांना तिचा चेहरा दिसला. "अगं, तू," ते म्हणाले. "ती तुला पुट्टीच म्हणायची. शिल्पा म्हणून तिने हाक कधी मारली? शेवटी दवाखान्यातसुद्धा..."

शिल्पा हात धुवायला उठली. नळ सोडून ती तशीच उभी राहिली आणि आईचा आवाज आठवू लागली. कुठलाही. रागावलेला, झोपेतला, देवासमोरचा. आवाज येईना. वेणी, स्वयंपाकघर, दवाखान्यातली खाट, एकेक दार ती ढकलून बघत होती आणि आत खोल्या झाडून नेल्यासारख्या रिकाम्या होत्या. सगळीकडे फक्त खांद्यावरचा तो हात होता. 'पुट्टी' हा शब्द तिने तोंडात धरून ठेवला. तेवढा एकच कुणी तरी परत आणून दिला होता.

६

शनिवारी दुपारी ती के. आर. पुरमला गेली. वाटेत मागे एक शब्द बोलली नाही. खांद्यावरचा हात होता. तिने ठरवलं होतं की ही रविकुमारच्या घरातली कुणी तरी गेलेली बाई असणार, आणि तिला तिच्या घरी सोडून यायचं. गेलेल्या बाईला आपलं घर हवं असणार, एवढं सरळ गणित होतं. तिच्यात आणि आईत आपली गल्लत झाली, असंच शिल्पा स्वतःला समजावत होती.

रविकुमार दारात आला. फाटकाबाहेरची गाडी दिसली तसा तो उंबऱ्यावरच थांबला.

"तुमच्याकडे कोणी बाई गेली का?" शिल्पाने पायरीवरूनच विचारलं. "आई, बहीण? साडी नेसणारी?"

"बाई?" तो म्हणाला. आतून त्याची बायको पाणी घेऊन आली. तिच्यामागून त्याची आईही जपमाळ घेऊन आली आणि कोण आलंय ते बघून परत गेली. घरातल्या सगळ्या बायका जिवंत होत्या. "नाही मेडम. आमच्याकडे अप्पा गेले. माझे वडील. त्यानंतर मी ती गाडी घेतली, एका दुसऱ्या माणसाकडून."

"मग मागे..."

"अप्पा बसायचे," रविकुमार सावकाश म्हणाला. "दोन्हीकडे पाय टाकून. माझी दोन्ही फूटरेस्ट उघडायची. तुमचं?"

"डावं," शिल्पा म्हणाली.

तो पायरीवर बसला. त्याची बायको त्याच्यामागे, खुर्चीच्या पाठीसारखी ताठ उभी राहिली. "मी अप्पांशी फार बोलायचो," तो सांगू लागला. "कारखान्यात जाताना, येताना. ते गावी विहिरीत पोहायला कसे शिकवायचे, कसे मारायचे, सगळं बोललो. बोलून झालं की बरं वाटायचं. आता त्यातलं मला काही आठवत नाही. काहीतरी बोललो होतो एवढं आठवतं." त्याने आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एका म्हाताऱ्याचा फोटो होता, ताज्या फुलांचा हार घातलेला. "रोज हार घालतो. ते माझे अप्पा आहेत. ही सांगते म्हणून मला माहीत."

"तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तुमच्या वडिलांनी सांगितलं ना, घरात वर्ष चालू आहे म्हणून, तेव्हाच." त्याने बायकोकडे बघितलं नाही. "पण तुम्ही सीटवर हात ठेवला होता. तसा हात मी पण ठेवायचो. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तरी मी ऐकलं नसतं."

रस्त्यावरून फळवाल्याची गाडी गेली. मग रविकुमार एकदम, बायकोचा हात खांद्यावर पडायच्या आत, म्हणाला, "परत देता काय मला? काय म्हणाल ते देतो."

"बेडा!" बायको ओरडली. नको म्हणून ओरडली, आणि तिने त्याचा शर्ट मागून धरला.

फाटकाबाहेर टक् झालं. शिल्पाने वळून पाहिलं. डावं फूटरेस्ट आधीपासून उघडं होतं. आता उजवंही उघडलं होतं, आणि गाडी रविकुमारकडे जराशी कलली होती.

तिथे गाडी सोडून मेट्रोने घरी जायला हवं होतं. तिला ते उमगलं, इतकं साधं होतं. किल्ली पायरीवर ठेवायची आणि निघायचं. पण त्या कललेल्या गाडीकडे बघताना तिच्या छातीत जे उसळलं ती भीती नव्हती, चक्क मत्सर होता. शेजारणीच्या कडेवर आपलं पोर झेपावताना दिसावं तसा. ती धावत फाटकाबाहेर गेली, उजवं फूटरेस्ट तिने लाथेने बंद केलं आणि किल्ली फिरवली. मागे रविकुमार हाका मारत होता. मेडम म्हणून नव्हे. अप्पा म्हणून.

७

रिंगरोडला संध्याकाळ तुंबली होती. लांबलचक सिग्नल, बसच्या मागे बस. शिल्पाने गाडी थांबवली आणि पाय टेकले. मागचं वजन पुढे झुकलं, तिच्या पाठीला टेकलं. इतकं जवळ ते कधी आलं नव्हतं.

शेजारी एक कार येऊन थांबली, काळ्या काचांची. त्या काचेत तिला ती स्वतः दिसली, हेल्मेटमधली, आणि मागे साडीचा फिकट रंग, एका अंगाने बसलेला. त्यावर चेहरा होता. तो तिच्याकडे वळत होता आणि वळता वळता भरत होता, नाक, कपाळ, हनुवटी. ती आई होती का? शिल्पाने जीव एकवटून बघितलं. ताडून बघायला तिच्याकडे दुसरी आई उरली नव्हती. मग कार पुढे सरकली.

"तू कोण आहेस?" तिने विचारलं.

मागचं वजन तसंच टेकून राहिलं.

"मला काय म्हणायचीस?"

हात खांद्यावर होता, वाट बघत असलेला. त्याला ते माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यच नव्हतं; आठवणींबरोबर ती हाकही तिच्याकडून गळून गेली होती, पण तो शब्द तिने मागे कधी उच्चारला नव्हता. तिच्यापाशी तेवढा एक शब्द होता, आणि तो तिने तोंडात घट्ट धरला होता. तो आपल्याकडे ठेवला तर काय उरतं, याचा तिने विचार केला. एक शब्द उरतो, आवाज नसलेला, अण्णांच्या तोंडून ऐकलेला. आणि दिला, तर हाक ऐकू येईल. वर्षभर तिला दुसरं काय हवं होतं? पहाटे जाग आली की ती अंथरुणात कान देऊन पडायची, ते कशासाठी?

किंमत तिला ठाऊक होती. तासाभरापूर्वीच तिने ती एका माणसाच्या तोंडावर पाहिली होती.

"पुट्टी," शिल्पाने सांगितलं. "पुट्टी म्हणायचीस."

मग हेल्मेटच्या काठाशी, कानाजवळ, कापसासारखा मऊ आवाज आला.

"पुट्टी."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. शिल्पाला पुढचा रस्ता दिसत नव्हता इतके तिचे डोळे भरले होते. तिने मूठ पिळली. घरापर्यंत तो आवाज तिला हाका मारत होता, पुन्हा पुन्हा, नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा, आणि प्रत्येक हाकेला ती ओ देत होती.

अण्णा फाटकात उभे होते. त्या जेवणाच्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. लेक असं कसं विसरली, आपणच घरात तोंड मिटून बसलो म्हणून तर नव्हे, असं त्यांना वाटत होतं. आता रोज बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी फाटक उघडलं, तिच्या हातातून हेल्मेट घेतलं, आणि कित्येक वर्षांत जी हाक त्यांनी स्वतः कधी मारली नव्हती ती धडपडत मारली.

"किती उशीर गं, पुट्टी."

शिल्पा गाडीवरून उतरता उतरता थांबली. तिने आधी मागच्या सीटकडे बघितलं, मग या म्हाताऱ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर आलेला राग अण्णांनी तिच्या उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.